प्रोपिलीन-प्रोपेन विलगीकरण (बहुवारिक पटलांद्वारे)

प्रोपिलीन व प्रोपेन यांच्या रेणूंत फरक फक्त दोन हायड्रोजन अणूंचा आणि एका दुहेरी बंधाचा. उत्कलनबिंदूही अनुक्रमे सुमारे −४७.६° व −४२.१° से. असल्याने ऊर्ध्वपातनासाठी शंभराहून अधिक तबकांचे उंच मनोरे लागतात आणि ऊर्जा प्रचंड खर्च होते. बहुवारिक पटल हा त्याला आशादायक पर्याय आहे. वायू उच्च दाबाच्या बाजूस पटलात विरघळतो, बहुवारिकाच्या साखळ्यांमधील फटींतून विसरित होतो व पलीकडे बाहेर पडतो. दोन्ही वायूंची विद्राव्यता जवळपास सारखीच. निवड घडते ती मुख्यतः विसरणाच्या वेगामुळे, कारण प्रोपिलिनाचा रेणू किंचित लहान असतो. ताठ साखळ्यांची पॉलिइमाइडे येथे सरस ठरतात. मात्र पार्यता (पटलातून वायू पार होण्याची सुलभता) वाढली की निवडकता घटते. वायुविलगीकरणातील ही सर्वसाधारण मर्यादा लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये आलेखांनी दाखवली.

खरी अडचण उच्च दाबाखाली येते. विरघळलेल्या वायूने पटल फुगते, साखळ्या सैल होतात आणि प्रोपेनही निसटतो. म्हणून शुद्ध वायूंवर स्वतंत्रपणे मोजलेल्या निवडकतेवर विसंबू नये. मिश्रणावरची चाचणीच ग्राह्य धरावी. निवडकता वाढवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे पटलात चांदीचे आयन घालणे. हे आयन प्रोपिलिनाच्या दुहेरी बंधाशी तात्पुरते जोडले जाऊन निवडकता खूप वाढवतात; पण हायड्रोजन सल्फाइडाच्या संपर्काने ते निकामी होतात.