खाणीचा कर आणि बाजाराचा भरवसा

सरकारने खाणींवर कर बसविला आणि शेअरबाजार गडगडला, अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी कोठून ना कोठून येते. ती वाचणारा सामान्य मनुष्य तिचा अर्थ असा लावतो, की कर बसला म्हणून भरवसा उडाला, भरवसा उडाला म्हणून धंदा बुडणार, आणि धंदा बुडाला की पहिली कुऱ्हाड कामगारावर पडणार. ही साखळी कानाला इतकी सरळ लागते, की तिची एकेक कडी तपासून पाहावी असे कोणाच्या मनात येत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वेतनकरारासाठी बसलो, की समोरची बाजू हीच साखळी आमच्यापुढे टाकते. फक्त 'करा'च्या जागी 'पगारवाढ' हा शब्द घालते. म्हणून ती तपासण्याची आम्हांस गरज पडली. त्यासाठी आज एक घडलेला इतिहास घेऊ. तो ऑस्ट्रेलियाचा आहे. कारण खाण, कर आणि बाजार ह्या तिघांची झुंज इतकी उघड्यावर दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

त्या देशात खाणीवरील कराचे भांडण जुने आहे. १८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडले आणि सरकारने खणणाऱ्या प्रत्येकाकडून महिना तीस शिलिंग परवाना-फी घेण्यास सुरुवात केली. सोने मिळो वा न मिळो, फी चुकत नसे. ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटजवळ युरेका येथे खाणवाल्यांनी उभारलेल्या लाकडी कोटावर सैनिक व पोलीस चालून गेले आणि वीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढच्याच वर्षी मासिक फी गेली; वर्षाला एक पौंडाचा परवाना आणि निर्यात होणाऱ्या सोन्यावर जकात, अशी व्यवस्था आली. ज्याला मिळाले त्याने द्यावे, हे तत्त्व इतके रक्त सांडल्यावर मान्य झाले.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. जमीन खंडाने घेतली, तर पीक येवो न येवो, ठरलेला खंड मालकाला द्यावाच लागतो. वाट्याने घेतली, तर खळ्यावर माप पडते तेव्हा मालकाचा वाटा बाजूला निघतो. बियाणे आणि मजुरी किती लागली हे तो विचारीत नाही. तिसरी रीत अशी असू शकते, की सगळा खर्च वजा जाता उरेल त्यात वाटणी. सोनेवाल्यांची फी हा खंड होता. काढलेल्या मालाच्या किमतीवर घेतात ती रॉयल्टी म्हणजे खळ्यावरचा वाटा. खाण तोट्यात असली तरी ती द्यावी लागते. आणि नफ्यावरील खाणकर ही तिसरी रीत.

आता २०१० सालाकडे येऊ. चीनच्या पोलाद-भट्ट्यांची भूक वाढल्यामुळे लोहखनिज व दगडी कोळसा ह्यांचे भाव त्या दशकात कित्येक पटींनी चढले होते. ऑस्ट्रेलियात खनिजाचे मालक म्हणून राज्ये रॉयल्टी घेत. परंतु नफा ज्या वेगाने वाढला त्या वेगाने लोकांचा वाटा वाढला नव्हता. अर्थखात्याचे सचिव केन हेन्री ह्यांच्या समितीने करपद्धतीची पाहणी करून तिसरी रीत सुचविली. रविवार, २ मे २०१० रोजी पंतप्रधान केव्हिन रड आणि अर्थमंत्री वेन स्वॉन ह्यांनी ती जाहीर केली. सरकारी रोख्यांवर मिळणाऱ्या सुमारे सहा टक्के व्याजाइतका नफा सोडून त्यावरील नफ्यावर चाळीस टक्के कर. राज्यांना दिलेली रॉयल्टी कंपन्यांना परत. आणि तोटा आला तर त्याचाही चाळीस टक्के भार सरकारवर. अंमल १ जुलै २०१२ पासून होणार होता. पहिल्या दोन वर्षांत बारा अब्ज डॉलर येतील असा अंदाज होता. ह्याच योजनेत कंपन्यांचा कर तीसवरून अठ्ठावीस टक्क्यांवर आणण्याचे आणि कामगारांच्या निवृत्तिनिधीत मालकाने भरावयाचा हिस्सा नऊवरून बारा टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन होते. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

सोमवारी बाजार उघडला आणि बीएचपी व रिओ टिंटो ह्या दोन बड्या खाण कंपन्यांचे शेअर उतरले. ठपका अर्थात कराच्या माथी आला. परंतु त्याच रविवारी आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. कर्जात बुडालेल्या ग्रीसला वाचविण्यासाठी युरोप व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ह्यांनी मिळून ११० अब्ज युरोंची मदत ठरविली. आणि ऑस्ट्रेलियाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या चीनने आपल्या बँकांना अधिक रक्कम राखून ठेवण्याचा आदेश दिला, म्हणजे उसनवारीचा नळ थोडा आवळला. त्याच आठवड्यात, ६ मे रोजी, न्यूयॉर्कचा डाऊ निर्देशांक काही मिनिटांत हजार अंशांच्या जवळपास कोसळून पुन्हा बराचसा वर आला. एका घरात तीन पाहुणे एकदमच उतरले असता पिठाचा डबा कोणी रिकामा केला, हे छातीठोकपणे कोणी सांगावे?

करामुळे भाव मुळीच उतरले नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. शेअरचा भाव म्हणजे पुढल्या अनेक वर्षांच्या नफ्याचा आज बांधलेला अंदाज. त्या नफ्यातला काही भाग सरकार घेणार असे कळले, की भागधारकाचा अंदाज तेवढा कमी होणार. वडिलोपार्जित इस्टेटीत दोघा भावांना तिसरा वारस निघाला, तर दोघांचे वाटे घटतात. इस्टेट घटत नाही. पण वाटा घटला एवढे म्हटल्याने लोक भीत नाहीत. म्हणून 'देशावरचा भरवसा उडाला' असे म्हणावयाचे. वाटणीच्या प्रश्नाला भरवशाचे नाव देणे, ही ह्या सगळ्या वादातली खरी हातचलाखी आहे.

पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. खाणमालकांनी सुमारे सहा आठवड्यांत बावीस दशलक्ष डॉलर जाहिरातींवर खर्च केले. सरकारने उत्तरादाखल स्वतःच्या जाहिरातींसाठी अडतीस दशलक्ष मंजूर केले. ९ जून रोजी पर्थ शहरात त्या देशातील अतिधनाढ्य खाणमालक ट्रकवर चढून कराविरुद्ध घोषणा देऊ लागले. मोर्चा, ट्रक आणि घोषणा ही आम्हां कामगारांची हत्यारे. त्या दिवशी ती अब्जाधीशांच्या हाती दिसली. २४ जून रोजी रड ह्यांना त्यांच्याच पक्षाने पायउतार केले. खाणकर हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण मोठे कारण होते. नव्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड ह्यांनी आठवडाभरात, २ जुलै रोजी, बीएचपी, रिओ टिंटो आणि एक्स्ट्राटा ह्या तीन कंपन्यांशी तडजोड जाहीर केली. कर फक्त लोहखनिज व कोळशावर. दर तीस टक्के, त्यातही सूट धरून प्रत्यक्ष साडेबावीस. शिवाय कंपन्यांना आपल्या जुन्या खाणींची बाजारभावाने किंमत लावून ती वर्षानुवर्षे नफ्यातून वजा करण्याची मुभा मिळाली. हा कर २०१२ च्या जुलैत लागू झाला. पहिल्या वर्षी दोन अब्ज डॉलरांचा अंदाज होता. पहिल्या सहा महिन्यांत हाती आले फक्त १२६ दशलक्ष. चाळणीत पाणी भरावे तसा प्रकार झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये टोनी ॲबट ह्यांच्या सरकारने संसदेकडून तो कर रद्द करून घेतला.

आता भरवशाची कडी इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू. कर येणार हे पक्के ठरलेले असताना, एप्रिल २०११ मध्ये, बीएचपीचा शेअर एकोणपन्नास डॉलरांच्या आसपास पोचला. कारण लोहखनिजाचा भाव चढा होता. कर रद्द झाला २०१४ मध्ये. आणि जानेवारी २०१६ मध्ये तोच शेअर पंधरा डॉलरांच्याही खाली होता. ह्या दरम्यान लोहखनिज टनाला चाळीस अमेरिकन डॉलरांखाली गेले होते, तेलही स्वस्त झाले होते, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये ह्या कंपनीच्या भागीदारीतील खाणीचे धरण फुटून एकोणीस माणसे मेली होती. म्हणजे कर डोक्यावर असता भाव चढला आणि कर उतरला असता भाव पडला. खाणीच्या शेअरला हलविणारा मोठा हात मालाच्या किमतीचा असतो. कराचा हात असतो, पण धाकटा.

मग ह्या झुंजीत खरे नुकसान कोणाचे झाले? कर रद्द करणाऱ्या कायद्यातच कामगारांच्या निवृत्तिनिधीची वाढ पुढे ढकलली गेली. बारा टक्क्यांचा हिस्सा २०१९ च्या जुलैत मिळावयाचा होता; तो मिळाला २०२५ च्या जुलैत. ही सहा वर्षे ज्यांच्या खात्यातून गेली, त्यांतील पुष्कळांना 'तुमच्या निवृत्तिनिधीचे पैसे खाण कंपन्यांच्या शेअरमध्ये आहेत, म्हणून ह्या कराला विरोध करा' असे सांगण्यात आले होते. शेअरचा चढउतार डोळ्यांना रोज दिसतो. न मिळालेला हिस्सा कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही.

ह्या कथेला उत्तरार्ध आहे. २०२२ साली त्याच देशातील क्वीन्सलँड राज्याने कोळशावरील रॉयल्टीला वरच्या पायऱ्या जोडल्या. टनाचा भाव १७५ डॉलरांवर गेला तर त्यावरील भागाला वीस टक्के, २२५ वर तीस, आणि ३०० वर चाळीस. पुन्हा तोच आरडाओरडा झाला. बीएचपीने त्या राज्यात नवी गुंतवणूक न करण्याचे जाहीर केले आणि २०२३ मध्ये आपल्या भागीदारीतील दोन खाणी विकावयास काढल्या. गिऱ्हाईक मिळाले का? मिळाले. व्हाइटहेवन नावाच्या कंपनीने त्या अब्जावधी डॉलर मोजून घेतल्या. आणि घेताना नवी रॉयल्टी तिला ठाऊक होती. २०२४ मध्ये त्या राज्यात सरकार बदलले, तरी नव्या पक्षाने दर तसेच ठेवले. ह्या वेळी सरकार जागचे हलले नाही आणि बाजाराने नवा दर हिशेबात धरून व्यवहार पुढे चालू ठेवला.

येथे बाजाराच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, आणि तिचा दाखला आपल्याच देशात आहे. महागाईला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २२ मे २०२२ पासून लोहखनिजावरील निर्यातकर पन्नास टक्के केला. गोव्यात सापडते तशा अठ्ठावन्न टक्क्यांखालील प्रतीच्या खनिजावर तोवर काहीच कर नव्हता. त्यावरही एका रात्रीत पन्नास टक्के बसले. पोलादाच्या अनेक प्रकारांवर पंधरा टक्के लागले. सोमवारी टाटा स्टील, जेएसडब्ल्यू स्टील आणि खुद्द सरकारच्या मालकीची एनएमडीसी ह्यांचे शेअर दहा टक्क्यांहून अधिक पडले. सहा महिने होतात न होतात तोच, १९ नोव्हेंबरला, ते सारे मागे घेण्यात आले. ज्याने परदेशी गिऱ्हाइकाशी करार करून माल बंदरावर आणून ठेवला असेल, त्याने अशा कारभारावर कोणता हिशेब बांधावा? येथे भरवसा खरोखरच डळमळला; पण तो कराच्या दरापेक्षा कराच्या लहरीने अधिक. शनिवारी रात्री येऊन हिवाळ्यात निघून जाणाऱ्या कराला धोरण म्हणता येत नाही.

हा प्रश्न आता दलालांच्या पेढीपुरता राहिलेला नाही. २०१५ च्या ऑगस्टपासून आपल्या भविष्यनिर्वाह निधीचाही काही भाग शेअरबाजारात गुंतविला जातो. पुढे ही मर्यादा नव्याने जमणाऱ्या रकमेच्या पंधरा टक्क्यांपर्यंत वाढविली गेली. दुसरीकडे, २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने निर्णय दिला, की रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिजहक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. मागील थकबाकी १ एप्रिल २००५ पासून धरता येईल, पण ती १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्याहप्त्याने घ्यावी, असे न्यायालयाने पुढे ठरवून दिले. तेव्हा अशा बातम्या आपल्याला पुष्कळ वाचावयाच्या आहेत, आणि वाचणारा गिरणीतला, कचेरीतला मनुष्य त्या वेळी दोन्ही पारड्यांत बसलेला असेल: एका पारड्यात त्याचा प्रॉव्हिडंट फंड, दुसऱ्यात त्याच्या गावचा रस्ता, शाळा आणि दवाखाना.

खनिज हे झाडाच्या फळासारखे नाही. एकदा काढले की पुढल्या वर्षी पुन्हा येत नाही. खाण संपते तेव्हा भागधारक आपले पैसे दुसऱ्या शेअरमध्ये नेतो. खड्डा गावातच राहतो, आणि कामगारही बहुधा गावातच राहतो. त्यामुळे जे आज घ्यावयाचे राहिले, ते उद्या मागावयास जागा उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी 'करामुळे बाजार कोसळला' असा मथळा दिसेल, तेव्हा आपण तीन गोष्टी विचाराव्यात. त्या आठवड्यात मालाची किंमत जगात काय होती? कर विचार करून, मुदत देऊन, ठाम राहण्याच्या बोलीने आणला, की एका रात्रीत? आणि ह्या कराचा पैसा कोणाकडे जाणार होता? आमच्या अनुभवाने, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मथळ्याखालच्या मजकुरात बहुधा नसते. ते आपले आपणच शोधावे लागते.