धुआंधार कोणाच्या ताब्यात?

सरकारी नोकरीत आयुष्य गेले की कोणतीही जागा पाहताना मनात एकच प्रश्न उठतो : ही कोणाच्या ताब्यात, आणि हिच्या देखभालीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली? जबलपूरजवळ भेडाघाटला धुआंधार धबधब्यासमोर तुषार अंगावर घेत उभा असतानाही माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता. इतिहासात शोधू गेलो, तर उत्तर अपेक्षेपेक्षा बरेच लांबचे निघाले.

विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचदरीतून वाहणारी नर्मदा येथे एकाएकी आकसते आणि कोसळते. पाण्याचा धूर होतो, म्हणून धुआंधार. पुढे सुमारे तीन किलोमीटर ती संगमरवरी कड्यांमधून अगदी संथ वाहते. हा दगड दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे. जवळच्या लमेटा घाटाचे नाव भूशास्त्रात डायनोसॉरांच्या थराला मिळाले आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या स्लीमन या अधिकाऱ्याला १८२८ मध्ये जबलपुरात काही अश्मीभूत हाडे सापडली. १८७७ मध्ये लिडेकरने त्या प्राण्याचे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नामकरण केले. पुढे ती हाडे हरवली असेच सारे धरून चालले. अखेर २०१२ मध्ये त्यांतला एक मणका कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मिळाला. शोधणाऱ्यांत नागपूरचे धनंजय मोहबे होते. वस्तू ताब्यात असणे आणि तिची खबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हां कचेरीतल्या माणसांना निराळे सांगायला नको.

माणसांचा ताबा यामानाने अलीकडचा. जवळच्या त्रिपुरीला, म्हणजे आजच्या तेवरला, कलचुरींची राजधानी होती. टेकडीवरचे वर्तुळाकार योगिनी मंदिर दहाव्या शतकातले. लोक त्याला चौसष्ट योगिनी म्हणतात, परंतु रचना ८१ योगिनींची आहे. कलचुरींचे लेख एकत्र संपादित करण्याचे प्रचंड काम नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले. तो ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. या लेखांतला भेडाघाटचा ११५५ सालचा शिलालेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. गयाकर्णाची विधवा राणी अल्हणदेवी हिने शिवमंदिर, मठ, व्याख्यानशाळा आणि उद्याने उभारली, आणि त्यांच्यासाठी दोन गावे लावून दिली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी येथे थांबलो. वास्तू बांधणारे पुष्कळ असतात. देखभालीची कायम तरतूद करणारे थोडे.

पुढे हा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडे होता. १७८१ मध्ये तो पेशव्यांच्या सागरच्या सुभेदारीत आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपूरहून चाले, हे आज महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतही विस्मरणात गेले आहे. इंग्रजांना मात्र या कड्यांचा ताबा सहज मिळाला नाही. रेल्वेची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांच्या नावेवर आग्यामोहोळ उठले. बॉडिंग्टन नावाच्या अभियंत्याने पाण्यात उडी घेतली. डोके वर काढताच माश्या तुटून पडत. तो बुडून मेला. फोर्सिथच्या १८७१ च्या पुस्तकात ही हकीकत आहे.

आज मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि गाव नगर परिषदेकडे. पाणी मात्र वरच्या अंगाला, बरगी धरणाच्या दरवाज्यांकडे आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पात्र भरते आणि धबधबा दिसेनासा होतो. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांपैकी हे पहिले, १९९० मध्ये पूर्ण झालेले. त्याच्या विजेचा आणि पाण्याचा उपयोग मी नाकारत नाही. पण त्यासाठी जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. उठलेल्यांपैकी कित्येकजण जबलपुरात सायकलरिक्षा ओढू लागले. पुष्कळ संघर्षानंतर १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला जलाशयात मासेमारीचा हक्क मिळाला, तोही काही वर्षेच टिकला.

२०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाट युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. त्याच वेळी यादीत आलेले मराठ्यांचे किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरले, म्हणून भेडाघाटचीही आशा धरायला हरकत नाही. तो प्रस्ताव सिद्ध होईल तेव्हा त्यात नकाशावर एक सीमारेषा आखली जाईल. ती आखणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की धबधब्याचे पाणी त्या रेषेबाहेरून येते, आणि ज्यांच्या गावांवरून येते त्यांचाही हिशेब त्याच फाइलमध्ये असावा. राणीने देखभालीसाठी दोन गावांचे उत्पन्न दिले आणि ते दगडावर कोरून ठेवले. आमच्या काळात १६२ गावांनी जे दिले ते निदान कागदावर तरी नीट लिहिलेले असावे, आणि नावेच्या व तिकिटाच्या उत्पन्नातला काही भाग त्यांच्या मुलाबाळांकडे जावा. धुआंधार कोणाच्या ताब्यात, या प्रश्नाचे मला सुचणारे उत्तर असे आहे : जो देखभालीचा खर्च उचलतो त्याच्या. तो खर्च या गावांनी आधीच उचललेला आहे.