पुलापलीकडे जरा जपून: ‘ड्रॅगन क्वेस्ट’ कुठून आणि कसा खेळावा

‘ड्रॅगन क्वेस्ट’ खेळायचं ठरवलं की पहिलाच प्रश्न आडवा येतो: सुरुवात कुठून करायची? मुख्य मालिकेत अकरा गेम, त्यातल्या बहुतेकांची दोन-तीन रूपं, आणि आता गोंधळात भर म्हणून नवे रीमेक. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या भागाचा चकचकीत रीमेक आला आणि पहिल्या-दुसऱ्याचा जोड-रीमेक त्यानंतर, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे कंपनीनंच क्रम उलटा केला. कथेच्या काळानुसार तिसरा भाग सगळ्यात आधी घडतो, तेव्हा तसंच खेळा, असं सुचवलं जातं. मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला १९८६ सालात जावं लागेल.

त्याच्याही थोडं आधी. १९८२मध्ये एनिक्स या जपानी कंपनीनं गेम बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी स्पर्धा घेतली. त्यात यूजी होरीई नावाच्या एका मुक्त लेखकाचा टेनिसचा गेम निवडला गेला, आणि कोइची नाकामुरा नावाच्या शाळकरी मुलाचा ‘डोअर डोअर’ही. या दोघांना अ‍ॅपल कॉम्प्युटरचं प्रदर्शन पाहायला सॅन फ्रान्सिस्कोला नेण्यात आलं, आणि तिथे त्यांना ‘विझर्ड्री’ भेटला. अंधाऱ्या भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, अनुभवाचे गुण मिळवून ताकद वाढवायची, असा तो अमेरिकन गेम. त्याच्याच बरोबरीचा ‘अल्टिमा’, ज्यात वरून दिसणाऱ्या नकाशावर हिंडायचं असतं. दोन्ही अप्रतिम, आणि दोन्ही नवख्या माणसाला उभंसुद्धा न करणारे. ‘विझर्ड्री’त पात्र मेलं तर कधीकधी कायमचं जायचं. शिवाय हे सगळं महागड्या कॉम्प्युटरवर, जाड माहितीपुस्तक शेजारी ठेवून खेळायचं.

होरीईंना ते फॅमिकॉमवर आणायचं होतं. फॅमिकॉम म्हणजे निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा खेळ. हातात एक अधिक-चिन्हाचं बटण आणि दोन गोल बटणं, बस. समोरचा खेळाडू शाळकरी पोरगा, ज्यानं आयुष्यात ‘रोल प्लेइंग’ हा शब्दही ऐकलेला नाही. म्हणून होरीई आणि नाकामुरा यांनी आधी ‘पोर्टोपिया’ हा खुनाच्या तपासाचा गेम १९८५मध्ये फॅमिकॉमवर उतरवला. यादीतून ‘बोला’, ‘शोधा’ असे हुकूम निवडायची सवय पोरांना त्यातून लागली. मग २७ मे १९८६ला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला.

त्याची पहिली खोली जरूर नीट पाहा. राजा समोर बसलाय, दाराला कुलूप आहे, पेट्या मांडलेल्या आहेत. राजाशी बोलल्याशिवाय काय करायचं कळत नाही, पेटी उघडल्याशिवाय किल्ली मिळत नाही, किल्ली वापरल्याशिवाय दार उघडत नाही, आणि दाराबाहेर जिना. बोलणं, घेणं, उघडणं, उतरणं. खेळाची अर्धी भाषा एका बंद खोलीत शिकवून झाली, ‘ट्युटोरिअल’ हा शब्द कुठेही न उच्चारता. आजचे गेम जेव्हा बाणांनी आणि चमकत्या चौकटींनी आपल्याला बोट धरून चालवतात, तेव्हा मला ही खोली आठवते.

बाहेर पडलात की पाण्यापलीकडे एक किल्ला दिसतो. तो शेवटच्या शत्रूचा. जिथे खेळ संपणार ती जागा पहिल्याच मिनिटाला नजरेच्या टप्प्यात ठेवलीय, फक्त तिथे जायला सगळं जग पालथं घालावं लागतं. जगावर भिंती नाहीत, पण पूल आहेत, आणि पूल ओलांडला की राक्षस एकदम अंगावर येणारे होतात. हाच पहिला आणि सगळ्यात उपयोगी सल्ला: पूल ओलांडल्यावर पहिली लढाई जड गेली तर निमूट मागे फिरा. पैसे साठवा, आधी शस्त्र घ्या, मग ढाल. आणि मेलात तर? राजासमोर जिवंत होता, थोडी बोलणी खाता, अर्धे पैसे जातात, पण अनुभव शाबूत राहतो. होरीईंनी ‘विझर्ड्री’तून सर्वांत महत्त्वाचा बदल केला तो इथे. हरण्यातूनही माणूस थोडा पुढेच सरकतो. म्हणून या मालिकेत मरणाला घाबरून खेळू नका. तिसऱ्या भागापासून पैसे जमा करायची पेढीही मिळते, तिथे रक्कम ठेवायची सवय लावून घ्या, की अर्धे जाण्याचं दुःख उरत नाही.

हे सगळं ६४ किलोबाइटमध्ये बसवलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो. जागा इतकी कमी की काताकाना लिपीतली सगळी अक्षरंसुद्धा ठेवता आली नाहीत. साधारण वीसच ठेवली आणि राक्षसांची, गावांची, मंत्रांची नावं त्यांतून जुळवली. नायकाचं चित्र फक्त समोरून काढलेलं, त्यामुळे कुणाशी बोलायचं तर उत्तरेला की दक्षिणेला हेही यादीतून निवडायचं. चित्रांचं काम मात्र अकिरा तोरियामाकडे होतं, आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल’ बघितलेल्या पिढीला ज्याची रेषा लांबूनही ओळखू येईल तो. होरीईंनी स्लाइम नावाचा राक्षस चिखलाच्या गोळ्यासारखा काढून दिला होता. तोरियामानं त्याचा हसरा थेंब केला. संगीत कोइची सुगियामा यांचं. २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते याच मालिकेच्या धूनवर. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन ज्या संचलनात चालले, तेच ते.

सेव्ह करायची सोय पहिल्या दोन भागांत नव्हती. राजा तुम्हाला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगायचा: वीस हिरागाना अक्षरं, पाच-सात-पाच-तीन अशी मांडलेली. ती वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. हिरागानात काही अक्षरं एकमेकांची जुळी भावंडं वाटतात, आणि टीव्ही धूसर. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. २६ जानेवारी १९८७ला दुसरा भाग आला तेव्हा नायक तीन झाले, आणि मंत्र ५२ अक्षरांपर्यंत वाढला. त्या वेळच्या जपानी मुलांचा सामूहिक घाव कुठला, तर हा.

दुसऱ्या भागाबद्दल सल्ला सरळ आहे: शेवटाजवळची एक गुहा आणि तिच्यापलीकडचं बर्फाळ पठार यांची कुप्रसिद्धी खरी आहे. अदृश्य खड्डे, चकवणाऱ्या वाटा, आणि बाहेर पडल्यावर एका झटक्यात तिघांनाही संपवणारे राक्षस. तिथे नकाशा पाहिलात तर मी तरी तुम्हाला नावं ठेवणार नाही. एरवी मात्र वॉकथ्रू लांब ठेवा.

अर्थात ‘कुणालाच विचारू नका’ असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. होरीई स्वतः ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात गेमबद्दलचं सदर लिहिणाऱ्यांपैकी होते, आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’ येण्याआधीपासून तिथे वाचकांना या नव्या प्रकारची ओळख करून दिली जात होती. खेळ एकट्याचा, पण खेळणारे वर्गभर. कुणाला किल्ली सापडली, कुणाला गुहा, आणि मधल्या सुट्टीत देवाणघेवाण. गावातल्या लोकांची वाक्यं छोटी आणि खुणेची ठेवलीत ती अशाच बोलण्यासाठी. तेव्हा अडलात तर यूट्यूबपेक्षा तोच गेम खेळणारा मित्र गाठा. तो अर्धवट सांगेल, चुकीचंही सांगेल, आणि तेच बरं. गावातल्या प्रत्येकाशी बोला. महत्त्वाचं वाटेल ते फोनच्या नोट्समध्ये टिपा, कारण खेळ ते पुन्हा आठवण करून देईलच असं नाही.

१० फेब्रुवारी १९८८, बुधवार. तिसरा भाग. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकलं. यावरून ‘जपानमध्ये ड्रॅगन क्वेस्ट कामाच्या दिवशी विकायला कायद्यानं बंदी आहे’ अशी दंतकथा जगभर फिरते. असा कायदा कधीच नव्हता. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९०ला, म्हणजे रविवारी, आणला गेला आणि पुढेही सुट्टीचा दिवस पाहायची रीत बरीच पाळली गेली, एवढंच.

तिसऱ्या भागात कार्टरिजला बॅटरी आली आणि मंत्र गेले. पण बॅटरीनं दगा दिला की पडद्यावर दिलगिरीचा संदेश यायचा, शापाची धून वाजायची आणि सगळं पुसलं गेलेलं असायचं. वहीतला मंत्र निदान आपल्या चुकीनं तरी हरवायचा.

आता मूळ मुद्दा. ज्यांना गुपित फुटायला नको त्यांनी हा परिच्छेद गाळावा. तिसऱ्या भागात तुम्ही खलनायकाला मारता, खेळ संपला असं वाटतं, आणि जमिनीतल्या एका विवरातून दुसऱ्याच, काळोख्या जगात पडता. ते जग पहिल्या गेमचं आहे. तोच किनारा, तोच किल्ला पाण्यापलीकडे, आणि पार्श्वभूमीला पहिल्या भागातली तीच एकाकी धून. दोन वर्षांपूर्वी ज्यानं हा मुलूख पायी तुडवला होता, ज्यानं वहीत वीस-वीस अक्षरं उतरवली होती, त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. ज्या पौराणिक वीराचं नाव आपण दोन गेम ऐकत आलो, तो कोण होता, हेही तिथेच उमगतं. हा धक्का पटकथेत लिहिलेला नाही, तो खेळाडूच्या आठवणीत साठवलेला आहे. तिसरा भाग आधी खेळलात तर हीच जागा नुसता आणखी एक नकाशा होते. म्हणून प्रकाशनाचाच क्रम: एक, दोन, तीन. पहिला गेम आज जुनाट वाटेल, पण तो लहान आहे. नव्या रीमेकमध्ये त्यात एका वेळी अनेक राक्षसांशी लढाई आणि इतर बरीच भर घातलीय. मूळचा एकटा नायक, समोर एकच राक्षस, हा साधेपणा हवा असेल तर फोनवरची आवृत्ती बरी.

आपल्याकडे फॅमिकॉम पोचला तो नक्कल होऊन. नव्वदच्या दशकात घरोघरी ‘व्हिडिओ गेम’ आला आणि कॅसेटवर ‘इतके-इतके इन १’ असा आकडा. त्यात मारिओ होता, काँट्रा होता, बदकं मारायचा खेळ होता. वाचून खेळायचे गेम सहसा नसायचे: कुणाला जपानी येत होतं, आणि स्वस्त कॅसेटमध्ये बॅटरी कोण घालणार? अमेरिकेतही १९८९मध्ये तो ‘ड्रॅगन वॉरियर’ या वेगळ्या नावानं, जुनाट वळणाच्या इंग्रजीत गेला आणि फारसा चालला नाही. उरलेल्या प्रती निन्टेंडोनं आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना फुकट वाटल्या. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हे मूळ नाव तिथे पोचायला २००५ साल आणि आठवा भाग उजाडावा लागला.

म्हणजे आपण काही फार मागे नाही. २०१४पासून पहिले तीन भाग इंग्रजीत फोनवर आहेत, उभा फोन धरून एका हातानं खेळता येतील असे. लोकलमध्ये उभ्यानं दोन लढाया सहज होतात.

तिसऱ्यात पोचलात की चौघांची टोळी स्वतः निवडायची असते. सगळे योद्धा, पुरोहित, जादूगार घेतात. तुम्ही एक विदूषक घ्या. तो लढाईत मध्येच विनोद करतो, ऐकत नाही, बहुतेक वेळा ओझंच असतो. मोठ्या शत्रूपुढे तर फार त्रास देतो, तेव्हा बाकीच्यांकडून बचाव वाढवायचे आणि शत्रूचा बचाव उतरवायचे मंत्र वेळेवर टाकून घ्या. नुसत्या घावांवर विसंबू नका. पण त्याला विसाव्या लेव्हलपर्यंत सांभाळून नेलंत आणि पेशा बदलायच्या मठात घेऊन गेलात, तर तो थेट ऋषी होतो. इतरांना त्यासाठी एक दुर्मीळ पोथी लागते. त्याला काहीच लागत नाही.