एका पोत्याला किती पाणी?

बरेच दिवस काही लिहिले नाही, कारण घरभर सिमेंटची धूळ आहे आणि सौ.ने कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकून ठेवली आहे. आमच्या शिरगावच्या इमारतीचे काम निघाले आहे. इमारत १९९५ची. तिशीला आली म्हणून सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतले. त्यासाठी तीन सभा झाल्या, पहिल्या दोन भांडणात गेल्या. "नुसतं प्लॅस्टर मारा आणि रंग लावा" असे म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. तिसऱ्या सभेत कुणीतरी उल्हासनगरची आठवण काढली. मे २०२१ मध्ये तिथे दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळले आणि माणसे गेली. दोन्ही इमारती १९९०च्या दशकातल्या, म्हणजे आमच्याच वयाच्या. त्या वेळी वर्तमानपत्रांत उलवा रेतीचे नाव पुन्हा वाचले होते. सभा एकदम शांत झाली आणि ठराव मंजूर झाला.

तपासणीला आलेला इंजिनिअर तिशीतला मुलगा. हातोडीने खांब ठोकत फिरत होता आणि बद्द आवाज आला की खडूने गोल काढत होता. आमच्या जिन्याखालच्या खांबाचे आवरण काढले तर आतल्या शिगा गंजून पापुद्रे सुटलेले. मी विचारले, "म्हणजे फसवलं म्हणायचं का आम्हाला?" तो म्हणाला, "काका, एकदम तसं म्हणता येणार नाही. तेव्हा एम-१५ चालत होतं."

मग त्याने समजावून सांगितले. काँक्रीटच्या नावातला आकडा म्हणजे त्याची २८ दिवसांनंतरची ताकद. आय.एस. ४५६ नावाचे एक मानक आहे, काँक्रीटवाल्यांची पोथीच म्हणा. तिच्या १९७८च्या आवृत्तीप्रमाणे शिगांच्या कामाला किमान एम-१५ लागत असे. २००० साली आवृत्ती बदलली आणि किमान एम-२० झाले, तेही सौम्य हवेत. हवा दमट किंवा खारी असेल तर आणखी वर.

माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. ज्यांनी १९८० साली पदवी घेतली, त्यांना २००० साली पोथी बदलल्याचे कुणी सांगितले? आम्हा शिक्षकांना बारा वर्षे झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागे, नाहीतर पगारवाढ अडे. अभ्यासक्रम बदलला की सुट्टीत वर्ग. आम्ही त्याला नावे ठेवायचो, मागच्या बाकावर डुलक्या काढायचो, चहाच्या वेळेची वाट बघायचो. पण नवे पुस्तक हातात पडायचे, हे खरे. चुकीचा धडा शिकवला तर मुलाचे चार मार्क जायचे, माणूस काही मरत नसे.

माझी भाचेसून पुण्यात आर्किटेक्ट आहे. तिला फोन केला. ती हसून म्हणाली, "मामा, कायद्याचं विचाराल तर फी भरली की नाव रजिस्टरमध्ये राहतं. पुढचं शिकायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न." वास्तुशिल्पज्ञांचा कायदा १९७२ सालचा. त्यातल्या नूतनीकरणाच्या कलमात शुल्काची अट आहे, शिकण्याची नाही. बाळेवाडीला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र आहे आणि ती तिथे जाऊन आली आहे. पण ती पहिल्यापासूनच अभ्यासू.

या नादात थोडे मागे गेलो, आणि सुरुवात आमच्या दारातच सापडली.

अंबरनाथचे शिवमंदिर सगळ्यांना माहीत आहे. वालधुनीच्या काठचे, शिलाहारांच्या काळातले, शके ९८२चा शिलालेख असलेले, म्हणजे इसवी सन १०६०. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी टेरीसाहेबांच्या देखरेखीखाली इथे आली. त्यांनी देवळाची मोजमापे घेतली, नक्षीची रेखाटने केली, साचे काढले. आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांच्या कामासमोर पट्टी घेऊन बसलेली ती माणसे माझ्या डोळ्यांपुढे येतात. शाळेत शिकलेल्याला शाळेबाहेर, उभ्या इमारतीपुढे बसून पुन्हा शिकावे लागते, याचा याहून जुना दाखला आमच्या पंचक्रोशीत तरी मला ठाऊक नाही.

त्याच जे. जे.मध्ये १८९६ साली ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. साहेबाच्या ऑफिसात नकाशे काढून देणारे हात तयार करणे एवढाच त्याचा हेतू. इमारत कशी असावी हे साहेब ठरवणार, यांनी रेघा मारायच्या. १९१३ साली वास्तुकलेचा स्वतंत्र अभ्यासक्रम झाला. आणि मग १२ मे १९१७ रोजी मला फार आवडलेली गोष्ट घडली. तिथे शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी एक संस्था काढली. नाव काय ठेवले? आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. म्हणजे शिक्षण संपल्यावरही स्वतःला विद्यार्थीच म्हणवले! पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार. १९२२ साली तिचे नाव बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाले, १९२५ साली ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूटशी जोडली गेली आणि १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. वाढत गेली ते चांगलेच झाले, पण नावातला 'विद्यार्थी' मात्र पाच वर्षांतच गेला. तिकडे लंडनच्या त्या इन्स्टिट्यूटने आपल्या सभासदांना वर्षाला ३५ तास शिकण्याची सक्ती केली आहे. आपण नाते जोडले, ही सवय काही उचलली नाही.

असो. हे झाले आर्किटेक्ट लोकांचे. पण घर बांधतो गवंडी. त्याच्यापर्यंत काय पोहोचते, याचा हिशेब महाराष्ट्राला एकदा फार महागात चुकवावा लागला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, माणसे थकून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत ८,०००च्या आसपास माणसे गेली, काही हिशेबांत त्याहून बरीच जास्त. आम्ही शाळेत जुने कपडे गोळा करून पाठवले, त्यापलीकडे तेव्हा काही कळत नव्हते.

आता कळते ते असे. त्या भागातली घरे दगडाची, भिंती दोन-तीन फूट जाड, काही त्याहूनही. बाहेरून भक्कम गढीसारख्या. पण ती एक भिंत नसायची. आतल्या बाजूचा एक थर, बाहेरच्या बाजूचा एक थर आणि मध्ये माती-कपच्यांची भर. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचे मातीचे ओझे, उन्हापासून बचाव म्हणून वर्षानुवर्षे वाढत गेलेले. हादरा बसला तशी भिंत मधून फाटली. एक थर रस्त्यावर पडला, एक अंथरुणावर. काही घरांत सागवानी खांब आणि तुळया जागेवर उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या.

मनाला लागते ते पुढेच आहे. हे ज्ञान त्या पहाटे जन्मले नाही. भूकंपात टिकणारी इमारत कशी बांधावी याचे भारतीय मानक, आय.एस. ४३२६, १९६७ साली आले, ज्या वर्षी कोयनेचा भूकंप झाला त्याच वर्षी. दगड-मातीच्या साध्या घरांना काय करावे याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९८६ साली निघाली. ज्या समितीने ती केली तिचे अध्यक्ष आपल्याच रूरकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य. प्रत्येक भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, कोपरे एकमेकांत गुंफा, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला कंबरपट्ट्यासारखा एक पट्टा फिरवा. बस. यासाठी पदवी लागत नाही. पण पुस्तक होते कपाटात आणि गवंडी होता पाराखाली. शिवाय तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती, त्यामुळे कपाट उघडण्याची घाई कुणालाच नव्हती. तो पहिला विभाग २००२च्या आवृत्तीत नकाशातून काढूनच टाकला.

भूकंपानंतर मात्र शिकवणे सुरू झाले. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा कार्यक्रम आला. ५२ गावे नव्या जागी वसवली ते सगळ्यांनी ऐकले आहे. पण त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनीच घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. लोकांचा दगडावरचा विश्वास उडालेला. पत्रे चालतील पण दगड नको, असे म्हणू लागलेले. त्यांना आधी पटवायचे आणि मग दाखवायचे: भिंतीला आरपार भोक पाडायचे, वाकवलेली शीग घालायची, काँक्रीट भरायचे, की दोन थर एकमेकांना धरून राहतात. इंजिनिअर शिकले, गवंडी शिकले. आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकाही शिकल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. घर कसे मजबूत करायचे हे त्या शेजारणींना समजावून सांगत आणि काम बरोबर होते आहे का ते बघत. मला तर वाटते, देशातल्या कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या कुणाला समजावून सांगण्याची अशी परीक्षा कुणी दिली नसेल.

पुढे २००१ साली भुजच्या भूकंपात अडीचशे किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत उंच इमारती पडल्या. त्या मात्र आर्किटेक्ट-इंजिनिअरांनी बांधलेल्या. मग केंद्र सरकारने १०,००० इंजिनिअर आणि १०,००० आर्किटेक्ट यांना भूकंपाचे शिक्षण देण्याचे कार्यक्रम आखले आणि आय.आय.टी.त कॉलेजांच्या प्राध्यापकांसाठी वर्ग भरवले. आधी मास्तरांना शिकवा, हे मला पटले. पण आधी कोसळते आणि मग वर्ग भरतो, हा क्रम काही बदलला नाही.

मी छत्तीस वर्षे शिकवले. वर्गात गणित चुकणाऱ्याला मी म्हणत असे, "असाच राहिलास तर गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलशील." कितीजणांना म्हणालो असेन. त्यांतले काही खरोखरच गेले असतील आणि तिथे त्यांना गणित लागले असेल.

मागच्या सोमवारी खाली काँक्रीट कालवत होते. इंजिनिअरने भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे: 'एक पोते – पाणी ३० लिटरच्या वर नाही'. मिस्त्री मात्र पाइप सोडून उभे. मी भीतभीतच म्हटले, "मिस्त्री, ते तिथे लिहिलंय..." ते म्हणाले, "वाचलं गुरुजी. पण इतक्या कमी पाण्यात माल हलत नाही. पातळ असला की सगळीकडे नीट बसतो." मी मुलाने मला सांगितलेलेच त्यांना सांगितले. सिमेंटला लागते तेवढे पाणी ते घेते. उरलेले उडून जाते आणि जाताना बारीक भोके ठेवते. त्याच भोकांतून हवा-पाणी शिगांपर्यंत पोहोचते. जिन्याखालचा तो खांब दाखवला. मिस्त्रींनी गंजाच्या पापुद्र्यावर बोट फिरवले. "बावीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले, "पातळ करू नका एवढं सांगतात. का, ते कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांनी पाइप बंद केला, दहा लिटरची बादली मागवली आणि तीन बादल्या मोजून बाजूला ठेवल्या. मग रेतीच्या ढिगात हात घातला, मूठ दाबून पाहिली. रात्री पाऊस पडून गेला होता.

"गुरुजी, ही रेतीच ओली आहे. मग ते पाणी कशात धरायचं?"

मला उत्तर येईना. इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मिस्त्रींनाच द्या फोन."