आईकडून आलेले दास्य

वरसाव्याहून खाडीपल्याड वसईचा मुलूख दिसला, की आम्हां ख्रिस्तीजनांना चर्चेस व किल्ला आठवतो. गुलाम आठवत नाहीत. १५३४ ते १७३९ या काळात येथे पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्यांच्या घरांत मोझांबिककडून आणलेलेही दास होते. १५६७ च्या गोव्यातील प्रांतिक धर्मपरिषदेने माणसाला गुलाम ठरविण्याची न्याय्य कारणे मोजून दिली. त्यांतील एक, गुलाम आईच्या पोटी जन्म! मालमत्ता बापाकडून यावी, दास्य मात्र आईकडून. अन्यधर्मी धन्याचा गुलाम बाप्तिस्मा घेऊन सुटू शके; ख्रिस्ती धन्याचा गुलाम बाप्तिस्म्यानंतरही गुलामच राही. धन्याच्या मृत्युपत्रात तो इतर चीजवस्तूंबरोबर वारसांकडे जाई, क्वचित मुक्तही होई.

चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा कागदाची लिपी पालटली, प्रथा नव्हे. पेशवे दप्तरात कुणबिणी व बटकी किमतीसह नोंदलेल्या आढळतात. त्यांची मुलेही धन्याचीच. इंग्रजी मुलखातील न्यायालयांनी ही मालकी मानू नये, असा कायदा १८४३ साली झाला. पोर्तुगीजांनी १८५४ साली गुलामांची नोंदणी सक्तीची केली आणि १८६९ साली गुलामगिरी रद्द केली.

आम्ही आमच्या वंशावळी हौसेने जुन्या आडनावांपर्यंत नेतो. या कागदांतील माणसांना बहुधा एकच नाव असते, बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेले.