वाय-फायचा वेग कोण ठरवते? स्पेक्ट्रमचे नियम आणि वायरलेस मानके

नवा फोन घेतला, खोक्यावर ‘वाय-फाय ७’ असे छापले आहे, राउटरही त्याच पिढीचा आणला. तरीही जाहिरातीतला वेग मिळत नाही. अशा वेळी दोष फोनचा किंवा इंटरनेट कंपनीचा असेलच असे नाही. कारण वाय-फाय किती वेगाने चालेल हे अभियंत्यांइतकेच सरकारी नियमही ठरवतात. कोणत्या लहरी, किती ताकदीने आणि कुठे वापरायच्या याची परवानगी आधी येते. मानक त्या चौकटीत बसवावे लागते.

स्पेक्ट्रम म्हणजे काय आणि त्यावर नियम का?

मोबाइल, टीव्ही, रडार, उपग्रह आणि वाय-फाय ही सगळी रेडिओ लहरींवर चालतात. या लहरींच्या वारंवारतांचा एकूण पल्ला म्हणजे रेडिओ स्पेक्ट्रम. एकाच ठिकाणी एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले की एकमेकांच्या संदेशात अडथळा येतो. म्हणून स्पेक्ट्रमचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या सेवांना दिले जातात.

जागतिक पातळीवर हे काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ (आयटीयू) करतो. भारतात दूरसंचार विभागाची ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ शाखा (डब्ल्यूपीसी) आणि अमेरिकेत ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ (एफसीसी) हे काम पाहते. मोबाइल कंपन्या स्पेक्ट्रम लिलावात विकत घेतात. वाय-फायसाठी मात्र परवानामुक्त पट्टे असतात. तिथे परवाना लागत नाही, पण अटी लागतात आणि दुसऱ्याकडून होणारा अडथळाही सहन करावा लागतो.

वाय-फायची मानके आयईईई ही अभियंत्यांची संस्था ठरवते. त्या मालिकेचा क्रमांक ८०२.११ आहे.

सुरुवात ‘टाकाऊ’ पट्ट्यापासून

२.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मुळात औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी होता. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. एवढ्या गोंगाटात संदेशवहन कोण करणार, असा समज होता. मे १९८५ मध्ये एफसीसीने हा पट्टा आणि असेच आणखी दोन पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी खुले केले. एक अट होती: सिग्नल एका अरुंद वारंवारतेवर न ठेवता मुद्दाम रुंद पट्ट्यावर पसरवायचा. या तंत्राला ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ म्हणतात.

१९९७ मध्ये ८०२.११ चे पहिले मानक आले. त्याच्या दोन्ही रेडिओ पद्धती ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’चेच प्रकार होत्या आणि वेग होता सेकंदाला १ ते २ मेगाबिट.

तंत्र तयार, पण परवानगी नाही

नियमाचा मानकावर किती परिणाम होतो, हे पुढच्या पाच-सहा वर्षांत स्पष्ट दिसते. १९९९ मध्ये दोन मानके एकत्रच मंजूर झाली. ८०२.११ए हे ५ गिगाहर्ट्झवर चालणारे आणि सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाचे. ८०२.११बी हे २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे आणि फक्त ११ मेगाबिटचे.

एवढा फरक का? ‘ए’ मध्ये ओएफडीएम हे तंत्र होते. त्यात माहिती अनेक अरुंद उपलहरींवर वाटून एकाच वेळी पाठवली जाते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा एफसीसीने १९९७ मध्ये खुला केला, तेव्हा तिथे सिग्नल पसरवण्याची अट घातली नव्हती. २.४ गिगाहर्ट्झवर ती अट कायम होती आणि ओएफडीएम तिच्यात बसत नव्हते. त्यामुळे हे तंत्र हाताशी असूनही लोकांच्या वापरातल्या पट्ट्यावर ते आणता येईना.

मे २००२ मध्ये एफसीसीने ती अट सैल केली. २००३ मध्ये ८०२.११जी मंजूर झाले आणि २.४ गिगाहर्ट्झवरही ५४ मेगाबिटचा वेग आला. म्हणजे एका पट्ट्यावर १९९९ मध्ये मान्य झालेला वेग शेजारच्या पट्ट्यावर पोहोचायला चार वर्षे लागली.

रडार आले की वाय-फायने बाजूला व्हायचे

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फाय नंतर आले. हवामान आणि लष्करी रडार तिथे आधीपासून होते. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत या पट्ट्याचा मोठा भाग वायरलेस नेटवर्कसाठी मान्य झाला, पण रडारला धक्का न लावण्याच्या अटीवर. त्याच वर्षी आलेल्या ८०२.११एच मानकाने दोन सोयी जोडल्या: गरजेनुसार ताकद कमी करणे आणि रडारची चाहूल लागताच चॅनेल बदलणे. दुसऱ्या सोयीला डीएफएस म्हणतात.

डीएफएस लागू असलेल्या चॅनेलवर राउटरला सुरुवातीला किमान ६० सेकंद नुसते ऐकत राहावे लागते. युरोपात हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही वाट १० मिनिटांची असते. मध्येच रडार आढळले तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटे तिथे फिरकायचे नाही. काही राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क चालू होताना उशिरा दिसते, त्यामागे हे एक कारण असू शकते.

ही अट कागदी नाही. पोर्तो रिकोमधल्या सान हुआन विमानतळासाठी काम करणाऱ्या हवामान रडारच्या चित्रात २००९ च्या सुमारास अडथळे दिसू लागले. शोध घेतल्यावर ५ गिगाहर्ट्झवरची बाहेर बसवलेली वायरलेस उपकरणे कारण निघाली. हे रडार विमान उतरताना धोकादायक ठरणारे वारे ओळखते. त्यानंतर अमेरिकेत नियम आणि चाचण्या कडक झाल्या.

देश बदलला की चॅनेल बदलतात

२.४ गिगाहर्ट्झवर भारतात आणि युरोपात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेसाठी बनवलेली उपकरणे सहसा १ ते ११ वरच चालतात. चॅनेल १४ फक्त जपानमध्ये आणि तोही जुन्या ८०२.११बी पुरताच होता. त्यामुळे राउटर १३ व्या चॅनेलवर असेल, तर अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला घरचे वाय-फाय न दिसण्याची शक्यता असते. हा गोंधळ कमी करण्यासाठी २००१ च्या ८०२.११डी मानकात राउटरने आपल्या संदेशातच देशाचा संकेत पाठवण्याची सोय केली.

भारतात काय स्थिती आहे?

भारताने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले.

पुढचा प्रश्न ६ गिगाहर्ट्झचा. वाय-फाय ७ चा सर्वात रुंद चॅनेल ३२० मेगाहर्ट्झचा आहे आणि तो फक्त याच पट्ट्यात मिळतो. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये इथले १२०० मेगाहर्ट्झ खुले केले; त्यात असे तीन चॅनेल मावतात. युरोपाने २०२१ मध्ये ४८० मेगाहर्ट्झ दिले. त्यात एकच मावतो.

भारतात दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ, परवानामुक्त करण्याचे मसुदा नियम जाहीर केले. कमी ताकदीची उपकरणे घरात आणि अत्यंत कमी ताकदीची बाहेर, अशी त्यात विभागणी होती. वाहने, बोटी आणि ड्रोनवर वापराला मनाई होती. या सावधगिरीचे कारण समजण्यासारखे आहे: जमिनीवरून उपग्रहाकडे सिग्नल पाठवायलाही हाच पट्टा वापरतात. त्याच्या वरचा ६४२५ ते ७१२५ चा भाग मोबाइल कंपन्यांना हवा आहे. २०२३ च्या दुबई परिषदेत युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या विभागासाठी तो मोबाइल सेवांना सुचवला गेला.

म्हणजे ५०० मेगाहर्ट्झमध्ये ३२० चा एकच चॅनेल बसणार. एका बंगल्यात तो पुरेल. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या सोसायटीत शेजाऱ्यांना तोच चॅनेल वाटून घ्यावा लागेल किंवा अरुंद चॅनेल वापरावे लागतील.

ग्राहकाने काय पाहावे?

• खोक्यावर केवळ ‘वाय-फाय ७’ आहे की ६ गिगाहर्ट्झही आहे, हे तपासा. हा पट्टा नसलेली वाय-फाय ७ उपकरणेही विकली जातात.
• परदेशातून आणलेल्या राउटरमध्ये भारतातले चॅनेल आणि ताकदीच्या मर्यादा बसवलेल्या असतीलच असे नाही.
• जास्त चॅनेल मिळावेत म्हणून सेटिंगमध्ये दुसरा देश निवडू नका. तुमच्या घरात मोकळा वाटणारा चॅनेल बाहेर एखादे रडार वापरत असू शकते.