केसांचं मूळ पोटात

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. भाचीचा सकाळीच फोन आला, "मामा, यंदा शेगावला जायचं की नाही? तिथल्या गावांत तीन दिवसांत टक्कल पडतंय म्हणे. टीव्हीवर दाखवतायत."

आमच्या भडगावची पुष्कळ मंडळी पाचोऱ्याला गाडीत बसून गजानन महाराजांच्या दर्शनाला जातात, त्यामुळे ही बातमी आम्हाला परक्या मुलखातली वाटली नाही. तिला म्हटलं, "आधी काय आहे ते समजून घेऊ, मग ठरवू." त्या निमित्तानं जे वाचलं, ते आज लिहितो आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून तक्रारी यायला लागल्या. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणार आणि दोन-तीन दिवसांत नुसता हात फिरवला तरी मूठभर केस हातात. २० जानेवारीपर्यंत १८ गावांतले २७९ जण झाले. त्यात शाळकरी पोरं होती, तशी सत्तरीची माणसंही होती.

पहिला संशय पाण्यावर आला. तो साहजिकच होता. हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, इथलं बोअरचं पाणी मुळातच खारट. तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. कुणी बुरशी म्हणालं, कुणी शाम्पू म्हणालं. पण पाणी पिढ्यान् पिढ्या खारटच होतं, आणि केस आत्ताच का गळावेत, याचं उत्तर मिळेना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं दिल्ली-चेन्नईहून येऊन नमुने घेऊन गेली.

मग डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे पोचले. महाडला विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले, २०२२ चे पद्मश्री. त्यांनी डोक्याबरोबर ताटाकडेही पाहिलं. रुग्णांची कुटुंबं रेशनचा गहू खात होती. त्यांनी केलेल्या तपासणीत सेलेनियम नावाचं मूलद्रव्य रुग्णांच्या रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघालं, आणि जस्त कमी. गव्हात ते किलोला १४.५२ मिलिग्रॅम होतं. हा गहू पंजाबकडचा, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून पुढे वादही झाला. परिषदेच्या तपासणीतही रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलंच आढळलं.

जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. पाव किलो पिठाच्या पोळ्या खाल्ल्या तर पोटात साडेतीन मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम जाणार. माणसाला दिवसाला लागतं सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. म्हणजे साठपटीहून जास्त! गंमत बघा, हेच सेलेनियम संयुगाच्या रूपात कोंड्यावरच्या शाम्पूत औषध म्हणून असतं. केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात, त्यातल्या गंधकाची जागा हे द्रव्य बळकावतं आणि बांधणी कच्ची होते, असं मानतात.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. चीनमधल्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात गावंच्या गावं अशी केस आणि नखं गमावून बसली होती. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या पाच गावांत २४८ माणसं, त्यातली जवळजवळ निम्मी आजारी. दुष्काळात भात गेला, तेव्हा लोक मका आणि भाजीपाल्यावर जगले. तिथल्या दगडी कोळशातलं सेलेनियम मातीत आणि मातीतून पिकात उतरलं होतं. त्यांच्या पोटात दिवसाला सुमारे ५ मिलिग्रॅम जात होतं. आपल्याकडे पंजाबातही होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनी अशाच आहेत, हे शेतीशास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे.

त्याहून मागे जायचं तर चरकसंहिता काढा. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अति खाऊ नयेत असं सांगितलंय. सतत क्षार खाणारी गावं, नगरं, प्रांत यांना टक्कल आणि अकाली पिकलेले केस भोगावे लागतात, असं तिथे स्पष्ट आहे. दुधातसुद्धा मीठ घालणाऱ्या सौराष्ट्र-सिंधकडच्या लोकांचं उदाहरणही दिलंय. चरकाला सेलेनियम ठाऊक नव्हतं, हे उघडच आहे. पण एका माणसाचे केस गेले तर डोकं बघावं आणि गावाचे गेले तर गावाचं अन्न बघावं, ही नजर त्याच्याकडे होती.

आमच्या मायकडे माका घालून उकळलेलं तेल असायचं, न्हायला शिकेकाई-रिठा. त्यानं डोकं स्वच्छ राहतं, केस कमी तुटतात, एवढं खरं. पण बहिणीला टायफॉइडनंतर केस गळायला लागले, तेव्हा माय तेलाची बाटली बाजूला ठेवून म्हणाली होती, "आधी पोरीच्या ताटात दूध-भाजी वाढा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" शेगावची गोष्ट याच्या उलटी. आडात नको ते पडलं होतं, आणि लोक पोहरा घासत बसले होते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पोरींनी कॉलेज सोडलं, ठरलेली लग्नं मोडली, कितीकांनी लाजेखातर स्वतःच डोकं भादरून घेतलं, असं वाचलं. ज्याचा स्पर्शानं काही संबंध नाही, अशा दुखण्यासाठी माणसांना दूर ठेवलं गेलं. बऱ्याच जणांचे केस पुढे परत आले. काहींची एप्रिलमध्ये नखं गळायला लागली. मोडलेलं लग्न मात्र तसं परत उगवत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनचा लाल मिलो खाल्लाय. तो कुठल्या मातीत पिकला, हे आम्ही विचारलं नाही, कारण भूक विचारू देत नाही. म्हणूनच विचारायचं काम ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांचं. पोतं दुकानात उतरायच्या आधी त्यातला मूठभर गहू तपासणं फार महाग नसावं.

असो. भाचीला म्हटलं, "खुशाल जाऊ. आणि तिथे कुणी डोक्याला रुमाल बांधलेलं दिसलं, तर त्याच्या शेजारी बसून जेवू."